जॉब सॅटिस्फॅक्शनवर प्रोजेक्ट करतोयस ना, मग हे वाच

अरे, घाईघाईत गूगल फॉर्म बनवून ओळखीच्यांना पाठवू नकोस. आधी ठरव तुला नेमकं काय मोजायचंय. करिअरमधलं यश म्हणजे पगार-प्रमोशन, की माणसाला स्वतःला आपलं बरं चाललंय असं वाटणं? या वेगळ्या गोष्टी आहेत, एकमेकींशी संबंध असतो पण बेताचाच.

आणि "खूश माणूस जास्त काम करतो" हे तर मुळीच गृहीत धरू नकोस. १९८५ मध्ये इयाफाल्डानो आणि मुचिन्स्की या संशोधकांनी समाधान आणि कामगिरीवरचे जुने अभ्यास एकत्र केले तर दोन्हींचा सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) आला जेमतेम ०.१७, मग २००१ ला टिमथी जज आणि मंडळींनी परत हिशोब मांडला, मोजमापातल्या त्रुटी धरून, तर तो ०.३० च्या आसपास गेला. म्हणजे आहे संबंध, पण डोक्यावर घेऊन नाचावं इतका नाही. शिवाय काम चांगलं जमतंय म्हणून माणूस खूश, असं उलटंही असू शकतंच की.

प्रश्नावली स्वतः बनवायच्या भानगडीत पडू नकोस, समाधान मोजायला मिनेसोटा सॅटिस्फॅक्शन क्वेश्चनेअर आहे, जेडीआय म्हणजे जॉब डिस्क्रिप्टिव्ह इंडेक्स आहे, परवानगीचं बघून त्यातली एक घे.

सगळ्यात जास्त माती इथे खातात लोक: समाधानही त्याच माणसाला विचारायचं, कामगिरीही त्यालाच, एकाच फॉर्मवर एका बैठकीत, मग त्या दिवशीचा मूड दोन्हीकडे उतरतो आणि आकडा उगाच फुगतो. कामगिरीचं रेटिंग त्याच्या साहेबाकडून घे, नाहीच जमलं तर दोन फॉर्ममध्ये निदान काही आठवडे जाऊ देत. गाइड वेळेवरून कटकट करतील, करू देत.