परदेशात खेळायला निघण्याआधी

एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचं, स्वप्न बघ, पण नजर तेवढ्यावरच ठेवू नकोस. आपल्या सतनाम सिंगला 2015 मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) डॅलसच्या संघाने 52 व्या क्रमांकावर निवडलं तेव्हा आपण सगळे नाचलो होतो. एनबीएचा एकही नियमित सामना त्याच्या वाट्याला आला नाही. एनबीए गाजवणाऱ्या सर्बियाच्या निकोला योकिचचं बघ. 2014 ला 41 वा निवडला गेला, तरी अमेरिकेची घाई केली नाही. आणखी एक वर्ष सर्बियात मेगा क्लबकडून खेळला, एड्रियाटिक लीगचा (तिकडच्या देशांच्या एकत्र लीगचा) सर्वोत्तम खेळाडू ठरला, मग एनबीएतल्या डेन्व्हरला गेला. मोठ्या संघाच्या बेंचवर बसण्यापेक्षा रोज खेळायला मिनिटं देणारा छोटा क्लब बरा, असं माझं तरी ठाम मत आहे.

करार मात्र डोळ्यांत तेल घालून वाच. पगार थकवणारे क्लब असतात; मी दोन महिने घरून पैसे मागवलेत (आईला अजून खरं कारण माहीत नाही). वाद झालाच तर फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) लवादाकडे जाण्याचं कलम करारात असू दे, नाहीतर तिथे दाद मागणं अवघड. एजंटकडे फिबाचा परवाना आहे का, तेही बघ. आपल्या महासंघाचं क्लिअरन्स पत्र (परदेशी क्लबकडून खेळायला हरकत नसल्याचं) वेळेत मागव.

आणि हो, तीन गुणांची रेषा फिबात 6.75 मीटरवर, एनबीएत समोरून 7.24. सराव लांबूनच कर.