क्रेडिट कार्डच्या पॉइंट्सवर परदेशाचं विमान तिकीट खरंच मिळतं का?
मिळतं, पण पॉइंट्स कुठे वापरता यावर सगळं अवलंबून आहे. बँकेच्या पोर्टलवर मिक्सर किंवा व्हाउचर घेतलंत तर पॉइंटला फारसं मोल राहत नाही. विमान कंपनीच्या माइल्समध्ये, म्हणजे तिकिटासाठी वापरता येणाऱ्या तिच्या स्वतःच्या पॉइंट्समध्ये, कार्डाचे पॉइंट्स वळवता येतील असं कार्ड घ्या. उदाहरणार्थ, सिंगापूर एअरलाइन्सचा क्रिसफ्लायर हा माइल्सचा कार्यक्रम. सदस्यत्व फुकट, आणि माइल्स स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटातल्या एअर इंडिया, लुफ्थान्सा यांच्या तिकिटांवरही चालतात.

आधी हव्या त्या तारखेला माइल्सवरची सीट शिल्लक आहे का ते बघा, मगच पॉइंट्स वळवा. एकदा वळवले की ते परत कार्डावर येत नाहीत. शिवाय क्रिसफ्लायरचे माइल्स ३ वर्षांनी बाद होतात, त्यामुळे उगाच साठवून ठेवू नका. दिवाळी आणि मे महिन्यातल्या सीट लवकर संपतात. तिकिटावरचे कर मात्र सहसा पैशांत भरावे लागतात.

बिल दरमहा पूर्ण भरणं जमत नसेल तर कृपा करून या फंदात पडू नका. थकबाकीवर महिन्याला साधारण ३ ते ४ टक्के व्याज लागतं, त्यात तिकिटाची बचत कधीच बुडते. आणि घरभाडं, पेट्रोल, वॉलेट यांवर बऱ्याच कार्डांना पॉइंट्स मिळत नाहीत, तेवढं अर्ज करण्याआधी नियमांत वाचून घ्या.