उपकार करणाऱ्या हुकूमशहाशी सुपरहिरोनं लढायचं कसं?

तुमचा प्रश्न असा आहे: "माझ्या कथेतला हुकूमशहा खरोखरच लोकांचं भलं करतो. त्यानं युद्धं बंद पाडली, औषधं फुकट केली, जगात कुणी उपाशी झोपत नाही. लोकांचा त्याच्यावर जीव आहे. माझी सुपरहिरो त्याच्यावर चालून गेली की तीच दुष्ट वाटायला लागते. तिनं त्याला सामोरं जायचं तरी कसं?"

ती दुष्ट वाटते, कारण तुम्ही तिला आल्या आल्या हात उगारायला लावताय. आधी तिला एका घरात पाठवा.

त्या घरात एक बाई आहे आणि तिची सात वर्षांची मुलगी. दोन वर्षांपूर्वी ही मुलगी तापानं मरणाच्या दारात होती. हुकूमशहाचं औषध आलं आणि ती वाचली. आता ती खाटेवर पालथी पडून वहीत घोडा काढतेय, पाचवा पाय खोडून पुन्हा काढतेय. तुमची सुपरहिरो त्या बाईला समजावू लागते की हा माणूस घातक आहे, याला वेळीच रोखायला हवं. बाई सगळं ऐकून घेते आणि एवढंच विचारते, "माझी पोर तापानं फणफणत होती, तेव्हा तू कुठं होतीस?"

या प्रश्नाला तिनं उत्तर शोधू नये. "मी आले नाही. तो आला," एवढं तिनं कबूल करावं. तिची लढाई इथून सुरू होते असं मला वाटतं. वाचक त्या बाईच्या बाजूनं असतो आणि असायलाच हवा. तिचं ऋण ज्या नायिकेला दिसत नाही, तिच्या मागं वाचक चार पावलंही जाणार नाही.

मी या प्रकारच्या गोष्टी गेली कित्येक वर्षं आवडीनं वाचतोय आणि एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो. लेखक शेवटच्या तीस पानांत पळवाट काढतो. औषधात विष निघतं, नाहीतर राजवाड्याखाली तळघर सापडतं आणि तळघरात कोंडलेली माणसं. तळघर सापडलं की प्रश्नच संपला, मग ठोसा मारायला कुणाची परवानगी लागत नाही. कृपा करून तळघर बांधू नका. त्याचं औषध खरं असू द्या, त्याची कळकळही खरी असू द्या. तरीही तो तिथं बसलेला चालणार नाही, हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे.

मग त्याचं चुकतंय कुठं? इथं मला अथेन्सचा पिसिस्ट्रॅटस आठवतो. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकात त्यानं अथेन्सची सत्ता बळकावली. पण सत्ता हातात आल्यावर त्यानं गरीब शेतकऱ्यांना शेतीसाठी कर्जाऊ पैसे दिले, शहरात शांतता ठेवली. पुढं लोक त्याच्या राजवटीला 'क्रोनसचं युग' म्हणू लागले, म्हणजे आपल्याकडच्या सत्ययुगासारखं. त्याची एक गोष्ट सांगतात. हायमेटस डोंगराच्या बाजूला फिरताना त्याला एक शेतकरी दिसला, नुसते दगडधोंडे खणत असलेला. या जमिनीतून याला मिळतं तरी काय, हे विचारायला त्यानं आपला माणूस पाठवला. शेतकरी म्हणाला, दुखणी आणि वेदना, आणि त्यातलाही दहावा हिस्सा पिसिस्ट्रॅटसला द्यायचाय. पिसिस्ट्रॅटस त्याच्या स्पष्टपणावर खूश झाला आणि त्यानं त्याचे सगळे कर माफ केले.

ही गोष्ट त्याचा मोठेपणा दाखवायला सांगितली जाते. तुम्ही मात्र ती पुन्हा एकदा सावकाश वाचा. विचारायला कुणाचा माणूस आलाय हे त्या शेतकऱ्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्याच्या तोंडून ते वाक्य निघालं असतं का? आणि शेजारच्या शेतात तसेच दगड खणणाऱ्याचं काय? त्याच्या बांधावरून त्या दिवशी कुणी गेलं नाही, म्हणून त्याचा दहावा हिस्सा तसाच चालू राहिला. दया मिळाली, पण ती मागायची सोय कुणालाच नव्हती. तुमच्या सगळ्या कथेचं बीज मला या दोन शेतांच्या मधल्या बांधावर दिसतं.

आता पुन्हा त्या बाईकडे चला. सुपरहिरो तिला विचारते, "त्याचं एखादं काम तुला कधी पटलं नाही, असं झालंय?" बाई जरा थांबते. मग उठून खिडकी लावून घेते. बाहेर कुणी पहारेकरी नाही. टीका केली म्हणून या हुकूमशहानं आजवर कुणाला हात लावलेला नाही. तरी ती खिडकी लावते आणि आवाज खाली आणून म्हणते, "त्याच्याबद्दल असं बोलणं बरं नाही दिसत." आपल्या भाषेत याला फार नेमका शब्द आहे: मिंधेपण. भीतीनं गप्प बसलेला माणूस निदान मनात तरी चरफडतो. मिंधा माणूस मनातसुद्धा गप्प होतो, कारण तक्रार करणं त्याला कृतघ्नपणा वाटतो.

आणि तक्रारी थांबल्या की चांगला राज्यकर्ताही आंधळा होतो. 1958 ते 1961 या काळात चीनमध्ये धान्याच्या उत्पादनाचे फुगवलेले आकडे खालून वर जात राहिले, त्या आकड्यांवर धान्य उचललं गेलं, आणि दुष्काळात कोट्यवधी माणसं मेली. अमर्त्य सेन यांनी हे फार ठामपणे मांडलंय की, निवडणुका आणि मोकळी वृत्तपत्रं असलेल्या देशात माणसं उपासमारीनं मरतील असा मोठा दुष्काळ पडत नाही, कारण तिथं वाईट बातमी दाबून ठेवता येत नाही. चीनमध्ये भीती होती. तुमच्या कथेत भीती नसेल, पण मिंधेपणही तेच काम करतं.

हे दाखवायला मोठा प्रसंग नको. औषधाच्या कोठारातला एक साधा भांडारपाल घ्या. एका खेपेच्या बाटल्यांत तळाशी गढूळ साका बसलाय. हे त्याला दिसतं. तो एक बाटली दिव्यासमोर धरतो, हलवतो, खाली ठेवतो. समोर तक्ता आहे, त्यात दोनच रकाने, 'ठीक' आणि 'सदोष'. आजवर 'सदोष' रकान्यात एकही खूण नाही. त्याच्या मनात येतं, ज्यानं आपलं अख्खं गाव वाचवलं त्याच्या औषधात खोट काढणारे आपण कोण? तो 'ठीक' वर खूण करतो. मला विचाराल तर तुमच्या कथेतला सगळ्यात भयंकर क्षण हाच असावा. एकही इमारत कोसळू नये, कुणाच्या अंगावर ओरखडा उठू नये.

आता सामना. ती त्याच्यासमोर उभी राहील तेव्हा तिनं त्याला पापांची यादी वाचून दाखवू नये. तिनं ती गढूळ बाटली त्याच्या टेबलावर ठेवावी आणि विचारावं, "तुझं चुकलं तर तुला सांगणार कोण?" तो म्हणेल, "मला सांगावं की लोकांनी, मी कुणाला अडवलंय?" तो खरंच बोलतोय. मग दुसरा प्रश्न: "आणि सांगूनही तू ऐकलं नाहीस, तर ते काय करू शकतात?" इथं तो गप्प होऊ द्या. दोन पानं लागली तरी चालतील, पण घाई करू नका. तुमच्या हुकूमशहाची खरी जात या गप्प बसण्यात कळेल. तो भला असेल तर त्याची झोप उडेल. त्याचं भलेपण लोकांच्या प्रेमासाठीच असेल, तर तो त्याच रात्री पहिल्यांदा कुणालातरी अटक करायला सांगेल, आणि तेही तुम्हाला तळघर न बांधता मिळेल.

त्याला मारून टाकणं हा मार्ग नाही. याचा दाखला अथेन्समध्येच आहे. पिसिस्ट्रॅटसनंतर त्याची मुलं हिपियास आणि हिपार्कस यांच्याकडे सत्ता आली. इसवी सनापूर्वी 514 मध्ये हार्मोडियस आणि अरिस्टोगायटन या दोघांनी हिपार्कसला ठार केलं. पुढं अथेन्सनं त्यांचे पुतळे उभारले, पण लगेच घडलं ते उलटंच. वाचलेला हिपियास संशयी आणि क्रूर झाला, आणि अथेन्सनं आणखी चार वर्षं ते सोसलं. अखेर 510 मध्ये तो गेला, तोही स्पार्टा या दुसऱ्या ग्रीक शहराचं सैन्य आल्यावर. तुमच्या कथेत तर लोकांचं त्या माणसावर प्रेम आहे. त्याला मारलं तर त्याची समाधी बांधली जाईल आणि त्याच्या नावानं पुढचा येईल, औषधाशिवाय.

मग तिच्या अंगातल्या ताकदीचा उपयोग काय? माझं उत्तर साधं आहे: 'नाही' म्हणणाऱ्या पहिल्या माणसाशेजारी उभं राहायचं. तो भांडारपाल दुसऱ्या दिवशी परत येतो, थरथरत्या हातानं 'सदोष' वर खूण करतो, आणि शेजारीपाजारीच त्याच्या घरावर दगड मारायला जमतात. हुकूमशहाचे सैनिक नव्हेत, उपकृत लोक. ती त्या दारात उभी राहते. दगड अंगावर घेते, एकही परत फेकत नाही. पर्वत उचलू शकणाऱ्या बाईनं रात्रभर एका दारात नुसतं उभं राहणं, यापेक्षा मोठा पराक्रम मला तरी सुचत नाही. दुसरं काम जास्त कंटाळवाणं आहे, पण ते टाळू नका. औषध बनवायची विद्या एकट्या त्याच्या हातातून दहा ठिकाणी गेली पाहिजे, म्हणजे तो गेला तरी कुणाची मुलगी तापात मरणार नाही. हे झाल्याशिवाय त्याला खाली खेचणं म्हणजे त्या बाईच्या पोटावर पाय देणं.

मार्व्हलच्या 1987 च्या 'एम्परर डूम' या चित्रकथेत डॉक्टर डूम हा खलनायक सगळं जग ताब्यात घेतो, जग सुधारतंही, आणि नायकांना खरोखर प्रश्न पडतो की याला हटवावं का. असा प्रश्न नायकांना पडू देण्याची हिंमत मला फार आवडते. तुमच्या सुपरहिरोलाही तो पडू द्या. तिला मोहही होऊ द्या, कारण तो हरला की लोक आपसूक तिच्याकडेच वळतील. "आता तू बस त्या जागेवर, तू तर चांगली आहेस." सोन्याची सुरी म्हणून ती उरात खुपसून घेत नाहीत, हे तिनं त्याला ऐकवलेलं असतं. आता तेच तिला स्वतःला ऐकवायचंय.

यावरही अथेन्सच उपयोगी पडतं. हिपियास गेल्यानंतर त्या शहरानं एक पद्धत काढली. लोक मडक्याच्या खापरीवर एक नाव कोरत. किमान 6,000 मतं पडली की ज्याचं नाव सर्वांत जास्त खापऱ्यांवर, त्यानं 10 वर्षं शहराबाहेर राहायचं. त्यानं गुन्हा केलेला असण्याची गरज नव्हती, त्याची मालमत्ताही त्याचीच राहायची. फार मोठा झालेला माणूस दूर करायचा, पण त्याला पापी ठरवायचं नाही. इसवी सनापूर्वी 487 मध्ये या पद्धतीनं पहिला माणूस बाहेर गेला, तो पिसिस्ट्रॅटसच्याच नात्यातला होता. तुमच्या हुकूमशहाला अशी वाट द्या: त्याचे उपकार नाकारायचे नाहीत, त्याला साखळदंडही नकोत, फक्त जायचं.

आणि शेवटच्या प्रसंगात पुन्हा ती बाई आणा. तिच्या हातात खापरी आहे, मुलगी कडेला उभी आहे. हुकूमशहा जाऊन वर्ष झालंय, आज नावं कोरायचा दिवस आहे, आणि या वेळी कुणाचंही नाव चालतं. टोपली धरायचं काम सुपरहिरोकडे आहे. बाई खापरी दगडावर टेकवून खिळ्यानं अक्षरं कोरते, मुलीला मधलं एक अक्षर कोरू देते, आणि खापरी पालथी न घालता, नाव वर दिसेल अशी टोपलीत टाकते. सुपरहिरोला आपलं नाव दिसतं. ती टोपली पुढच्या माणसासमोर धरते.