मेडिकलमधून आणलेलं खोकल्याचं औषध अंदाजाने घेतलं तर काय बिघडतं?

तुम्ही लिहिलंय की खोकल्याने झोप लागत नाही म्हणून रात्री दोन झाकणं सिरप घेता, दिवसा सर्दीच्या गोळ्या चालू असतात, आणि त्याच बाटलीतलं अर्धा चमचा तीन वर्षांच्या मुलीला दिलं तर चालेल का. शेवटच्याचं उत्तर आधी देतो: देऊ नका. आता बाकीचं.

बाटली हातात घ्या आणि मागच्या बाजूला 'प्रत्येक 5 मिलीमध्ये' असं लिहिलेला भाग शोधा. पुढचं मोठ्या अक्षरातलं नाव वाचून काही कळत नाही. एकाच नावाला डी, एलएस, डीएक्स, प्लस अशी शेपटं लावून चार वेगळी औषधं विकली जातात. डेक्स्ट्रोमेथॉर्फन मेंदूतल्या खोकल्याच्या केंद्रावर काम करून कोरडा खोकला दाबतं. क्लोरफेनिरामिन ॲलर्जीचं जुनं औषध आहे, गुंगी येते ती मुख्यतः त्याची. फेनिलेफ्रिन चोंदलेल्या नाकासाठी असतं, ते रक्तवाहिन्या आकसवतं. ॲम्ब्रोक्सॉल, ब्रोमहेक्झिन, ग्वायफेनेसिन ही कफ पातळ करायला घालतात. टर्ब्युटालिन किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल दिसलं तर ते श्वासनलिका सैल करणारं, म्हणजे दम्यातलं औषध. ते जास्त झालं की हात थरथरतात, छाती धडधडते, रक्तातलं पोटॅशियम उतरतं.

छातीत कफ भरलेला असताना खोकला दाबणारं औषध घेतलं की बेडका बाहेर पडायचा मार्गच बंद होतो. घरात वयस्कर माणूस असेल, त्यांना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) असेल, तर हा प्रकार थेट न्यूमोनियाकडे नेऊ शकतो. आणि कफ सोडवणारं आणि खोकला दाबणारं अशी दोन्ही औषधं एकाच बाटलीत असतील तर ती बाटली परत करा. त्या मिश्रणामागचा तर्क मला तरी आजवर पटलेला नाही.

आता तुमच्या दोन झाकणांचा हिशोब. पुष्कळ सिरपांत 5 मिलीला डेक्स्ट्रोमेथॉर्फन 10 मिग्रॅ आणि क्लोरफेनिरामिन 4 मिग्रॅ असतं. मापाचं झाकण 10 मिलीचं धरलं तर दोन झाकणं म्हणजे 40 आणि 16 मिग्रॅ. प्रौढ माणसाला क्लोरफेनिरामिन एका वेळी 4 मिग्रॅ पुरतं, दिवसभरात 24 च्या वर जायचं नसतं. म्हणजे तुम्ही एका वेळचं चौपट, दिवसाच्या मर्यादेचं दोन तृतीयांश, झोपताना एकदम घेताय. डेक्स्ट्रोमेथॉर्फनची एका वेळची कमाल 30 मिग्रॅ आणि दिवसाची 120. तीही एका वेळची ओलांडली. सकाळी डोकं जड राहतं आणि तशात स्कूटर काढली जाते, हा त्यातला सर्वात साधा धोका. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडू शकते, काही प्रकारच्या काचबिंदूत डोळ्याचा दाब अचानक चढतो, आणि सत्तरीच्या आजी रात्री उठून कुठे आहोत तेच विसरतात व पडतात. "वयामुळे भ्रम झाला" असं घरचे म्हणतात, कारण मात्र बाटलीत असतं.

यात सर्दीच्या गोळ्या मिसळा. नेहमीच्या गोळीत पॅरासिटामॉल 500 मिग्रॅ, फेनिलेफ्रिन आणि पुन्हा क्लोरफेनिरामिन असतं. ती चार वेळा घेतली आणि अंग तापलं म्हणून वर तापाची 650 ची गोळीही चार वेळा घेतली, तर पॅरासिटामॉल 4600 मिग्रॅ झालं. प्रौढाची दिवसाची मर्यादा 4000, आणि रोज दारू घेणाऱ्याची त्याहून बरीच खाली. यकृत बिघडायला लागलं तरी पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे काही जाणवत नाही, हीच यातली मेख. त्यावरचा उतारा, एन-ॲसिटिलसिस्टीन, पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वात चांगला लागू पडतो. तेव्हा जास्त गोळ्या गेल्याचं लक्षात आलं की "बघू, त्रास झाला तर जाऊ" करायचं नाही. बीपी असेल तर फेनिलेफ्रिन टाळा. मधुमेह असेल तर साखर नसलेलं सिरप मागा, साध्या सिरपात साखर भरपूर असते.

फार कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट: डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि नैराश्यावरच्या गोळ्या (एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटिन वगैरे) यांचं जमत नाही. दोन्हींमुळे सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा परिणाम वाढतो. फ्लुओक्सेटिन तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन शरीरातून निघून जाण्याची यकृतातली वाटही अडवतं. अंगाला कंप, घाम, ताप, जुलाब, स्नायूंना झटके, विलक्षण अस्वस्थता अशी लक्षणं काही तासांत दिसतात. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी लिनेझोलिड चालू असणाऱ्यांनाही हाच धोका आहे, आणि नेमका तोच माणूस सतत खोकत असतो. मेडिकलवाल्याला तुमच्या बाकीच्या गोळ्या माहीत नसतात. त्या तुम्हीच सांगायच्या.

मुलीबद्दल. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये स्पष्ट सांगितलंय: दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं लिहूही नयेत आणि देऊही नयेत, पाच वर्षांखाली ती साधारणपणे सुचवली जात नाहीत. त्याआधी डिसेंबर 2023 मध्ये क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिनच्या मिश्रणावर 'चार वर्षांखालील मुलांना देऊ नये' असं छापण्याचे आदेश निघाले होते. कारण सरळ आहे. लहान मुलांमध्ये या औषधांचा फायदा सिद्ध होत नाही, आणि थोडं जास्त झालं तरी मूल एकतर सुस्त होऊन श्वास मंदावतो, नाहीतर उलट चवताळतं, कधी आकडी येते. अर्धा चमचा म्हणजे नेमकं किती, हेही घरात कुणाला सांगता येत नाही. औषधातला चमचा 5 मिलीचा. आपल्या डब्यातले पोह्याचे, चहाचे, मिसळणाचे चमचे प्रत्येकी वेगळं माप देतात. द्यायचीच वेळ आली तर डॉक्टरांनी मुलाच्या वजनावरून सांगितलेले मिली, सुई नसलेल्या सिरिंजने मोजून, गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू.

तिला नाकात सलाईनचे थेंब घाला, पातळ पदार्थ वरचेवर पाजा, रात्री झोपण्याआधी अर्धा ते एक चमचा मध द्या. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध चाटवायचा नाही, त्यातून बॉट्युलिझम (जिवाणूच्या विषाने अंग लुळं पडण्याचा आजार) होऊ शकतो. उकळत्या पातेल्यावर मुलाला वाकवून वाफ देणं बंद करा, त्यातून भाजलेली मुलं दवाखान्यात येत असतात. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षात 50 किंवा जास्त भरले, किंवा पोट उडतंय, बरगड्यांखाली खड्डा पडतोय असं दिसलं, तर लगेच डॉक्टर.

2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने मुलं दगावली, ते ऐकल्यापासून लोक विचारतात की गोड सिरपमध्ये विष असतं का. औषध विरघळवायला ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल वापरतात. त्यात औद्योगिक वापराचं डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं आलं की मूत्रपिंडं बंद पडतात. चालणारी मर्यादा 0.1 टक्का, छिंदवाड्याच्या त्या सिरपमध्ये तामिळनाडूच्या तपासणीत ते 48.6 टक्के निघालं. वीसहून अधिक मुलं गेली, त्यातली काही उपचारासाठी नागपूरला आणलेली होती. मुंबईत 1986 मध्ये जे.जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने 14 रुग्ण दगावले होते, त्यावर लेंटिन चौकशी आयोग बसला. चवीवरून किंवा वासावरून हे ओळखता येत नाही, विषही गोडच असतं. म्हणून बिल घ्या, बॅच क्रमांक फाडू नका. सिरप चालू असताना उलट्या, पोटदुखी आणि लघवी कमी होणं असं एकत्र दिसलं की औषध बंद करून थेट मोठं रुग्णालय गाठा. संशयास्पद बाटलीची तक्रार राज्याच्या एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन) 1800222365 वर करता येते.

कोडीनचं सिरप हे वेगळं प्रकरण. कोडीन अफूच्या कुळातलं, यकृतात त्याचं मॉर्फिन होतं. काहींच्या शरीरात हा बदल फार वेगाने होतो, त्यांना नेहमीचा डोसही श्वास दाबेपर्यंत जातो. दारू किंवा झोपेच्या गोळीसोबत घेतलं तर धोका कुणालाही. शेड्यूल एच1 मध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीत असल्याने चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, विक्रेत्याला डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वहीत लिहून ती तीन वर्षं ठेवावी लागते. कुणी न विचारता देत असेल तर तो तुमच्यावर उपकार करत नाहीये. घरातला तरुण मुलगा वारंवार बाटल्या आणतोय, बद्धकोष्ठ आहे, बाहुल्या बारीक दिसतात, आणि एक दिवस औषध नाही मिळालं की जांभया, नाक गळणं, जुलाब, अंगदुखी सुरू होते, तर ते व्यसन समजा. ओरडून सुटत नाही, उपचार लागतात. 14446 या व्यसनमुक्तीच्या क्रमांकावर विचारा.

तुमचा स्वतःचा खोकला किती दिवसांचा आहे ते लिहिलं नाहीत. सर्दीनंतरचा खोकला दोन-तीन आठवडे राहू शकतो आणि आपोआप जातो. पण दोन आठवडे उलटले तर थुंकी तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी फुकट होते. बीपीसाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल तर कोरडी ढास त्याचीच असू शकते. मग सिरपच्या दहा बाटल्या रिचवल्या तरी उपयोग नाही, डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्यावी लागते. खोकताना रक्त, धाप, रात्री घाम, वजन उतरणं, यातलं काहीही असेल तर दोन आठवडेसुद्धा थांबू नका.

आणि चुकून मुलीने बाटली तोंडाला लावलीच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका. ती गुंगीत असेल तर उलटी श्वासनलिकेत जाते. कुशीवर निजवा, 108 ला फोन करा. शुद्धीवर, नीट श्वास घेत असेल तर एम्सच्या विष माहिती केंद्राला 1800116117 वर विचारा. ते मुलीचं वजन, साधारण किती मिली गेलं, किती वाजता गेलं आणि लेबलवर काय लिहिलंय हे विचारतील. म्हणून बाटली फेकू नका, उरलेल्या औषधासकट दवाखान्यात सोबत न्या.