कोल्हापुरातला एक साधा मंगळवार लिहून आणा

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या जोडप्यांमधे एक प्रश्न सारखा येतोय, मुंबई सोडून नाशिक, सांगली, कोल्हापूर अशा मध्यम शहरात राहायला जावं का? आणि बरेच जण सरळ म्हणतात की मॅडम, तुम्ही फक्त हो किंवा नाही सांगा. मी सांगत नाही. का सांगत नाही ते एका केसवरून लिहिते. दोघांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

डोंबिवलीतलं कुटुंब. तो ४४ वर्षांचा, सॉफ्टवेअर टेस्टिंगमधे. ती ४१, फोर्टमधल्या एका कंपनीत अकाउंट्सला, १६ वर्षं एकाच ठिकाणी. मुलगी आठवीत. तो मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेत वडिलोपार्जित घर, तिथे आईवडील आणि धाकटा भाऊ बायकोमुलांसकट. ती मात्र जन्मापासून डोंबिवलीकर.

९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याजवळ खचाखच भरलेल्या दोन लोकल शेजारून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली, काहींचे जीव गेले, ते तुम्हाला आठवत असेल. हा त्या दिवशी त्याच लाइनवर मागच्या गाडीत अडकला होता. घरी आला आणि म्हणाला, बास, आता कोल्हापूर. त्यानंतर महिनाभर घरात दुसरा विषय नाही, आणि जुलैच्या सुरुवातीला दोघं माझ्यासमोर.

त्याने एक्सेल शीट करून आणली होती. फ्लॅटचा खर्च, शाळेची फी, भाजी, पेट्रोल, सगळं दोन रकान्यांत. कोल्हापूरच्या रकान्यात महिन्याला चांगली बचत दिसत होती आणि त्याखाली ठळक अक्षरात लिहिलेलं, रोजचे साडेतीन तास वाचणार. हिशोब चुकीचा नव्हता. साडेतीन तास म्हणजे महिन्याला ८० च्या आसपास तास होतात, ते प्रवासात जातात तेव्हा माणूस घरी येऊन फक्त उरलासुरला असतो, हे मी रोज बघते, त्यामुळे त्याच्या बाजूने माझंही मन होतं हे कबूल करते.

ती पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? तर म्हणाली, "शीट बरोबर आहे हो. मला त्यात खोट काढता येत नाही. म्हणूनच तर राग येतो."

हे वाक्य मी लिहून ठेवलं. कारण फायदे-तोटे मांडत बसलं की ज्याच्याकडे आकडे असतात तो जिंकतो, आणि दुसऱ्याच्या पोटात जे कालवत असतं त्याला रकानाच नसतो.

म्हणून मी अशा वेळी एक काम देते. दोघांनी वेगवेगळं बसून, एकमेकांना न दाखवता, त्या शहरातला एक साधा मंगळवार लिहून आणायचा, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत. रविवार नको, सण नको, मे महिना नको. कारण सुट्टीत बघितलेलं शहर आणि राहायचं शहर यात फार फरक असतो.

त्याचा मंगळवार दीड पानाचा होता. पहाटे रंकाळ्याला फेरी, येताना गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध, नऊला लॅपटॉप उघडायचा, दुपारी आईच्या हातचं जेवण, संध्याकाळी पेठेतल्या मित्रांबरोबर कट्टा, रात्री घरी तांबडा-पांढरा. तिने ते वाचलं आणि शांतपणे म्हणाली, "मंगळवारी तुमच्याकडे मटण करत नाहीत. अंबाबाईचा वार असतो."

तो गप्प झाला. खरंच विसरला होता. त्याच्या डोक्यातलं कोल्हापूर हे गणपती-दिवाळीचं, चार दिवसांच्या रजेचं, वीस वर्षांपूर्वी सोडलेलं कोल्हापूर होतं, आणि त्या दीड पानात बायको एकदाच आली होती, रात्री जेवताना.

तिचा मंगळवार तीन ओळींचा. "सकाळी उठले. चहा केला. सगळ्यांचे डबे, नाश्ता." खाली रिकामं. म्हणाली, पुढे काय ते सुचलंच नाही, अर्धा तास पेन घेऊन बसले होते.

मग ती बोलायला लागली ते थांबेचना. लोकलचा लेडीज डबा, त्यातल्या सात-आठ जणी, एकत्र भाजी निवडतात, दसऱ्याला डबा सजवतात, एकीच्या केमोच्या वेळी आळीपाळीने तिच्या घरी डबे पोचवले. नवऱ्याला त्या प्रवासात मरण दिसत होतं आणि हिच्या सगळ्या मैत्रिणी त्याच प्रवासात होत्या. दोघंही खरं बोलत होती. आणि कोल्हापुरात मी कोण, हा तिचा प्रश्न. इथे ऑफिसमधे तिच्या नावाने माणसं तिला ओळखतात, तिथे पेठेत ती अमक्यांची थोरली सून. सासरची माणसं वाईट नाहीत असं ती स्वतःच तीनदा म्हणाली, पण दुपारी दार लावून अर्धा तास पडायचं म्हटलं तरी त्या घरात कारण द्यावं लागतं.

माझ्या अनुभवात मध्यम शहराचं भलं आणि वाईट दोन्ही एकाच गोष्टीतून येतं, तिथे माणसं तुम्हाला ओळखतात. तुम्ही आजारी पडलात तर दूधवाल्याला पण कळतं, रात्री दोनला रिक्षा नाही मिळाली तर शेजारचा गाडी काढतो. आणि तुम्ही नोकरी सोडून घरी बसलात, मुलगी उशिरा आली, नवराबायकोत अबोला आहे, हेही त्यांना कळतं. ज्याचं तिथे बालपण गेलं त्याला ती ऊब वाटते, जो लग्नाने तिथे जातो त्याला पहारा वाटू शकतो.

मुलीला मी वेगळं भेटले. १३ वर्षांची, डोळ्यात बघून बोलणारी. म्हणाली, मला कुणी विचारलंच नाही. मग म्हणाली, काकाकडची मुलं मला सुट्टीत पाहुणी म्हणून वागवतात, रोजच तिथे असले तर कशी वागतील? मोठ्यांपैकी हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. तिची शाळा सीबीएसईची, आणि सीबीएसईत बोर्डाचं रजिस्ट्रेशन नववीतच होतं, त्यामुळे जायचं तर आठवीनंतर, नाहीतर मग थेट दहावी झाल्यावर. मधे कुठेही शाळा हलवणं म्हणजे मुलीला विनाकारण त्रास. ही एक तारीख ठरल्याने चर्चेला जरा आकार आला, नाहीतर अशा चर्चा घरात वर्षानुवर्षं चालतात.

मी सुचवलं की तीन आठवडे राहून बघा. पण दोन अटी. एक, भर पावसाळ्यात जायचं आणि गणपतीच्या आधी परत यायचं. दुसरी, पेठेतल्या घरात राहायचं नाही, भाड्याने राहायचं.

पहिल्या अटीचं कारण सांगते. कोल्हापूरचा पावसाळा कळल्याशिवाय कोल्हापूर कळत नाही. २०१९ च्या ऑगस्टमधे आणि परत २०२१ च्या जुलैमधे पंचगंगेचा महापूर आला, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि पुण्या-मुंबईकडचा रस्ता काही दिवस बंद, शहरात पाण्याची पंपिंग स्टेशनं बुडाली म्हणून नळाला पाणी नाही. घर बघायचं तर दलालाच्या आधी शेजारच्या दुकानदाराला विचारा की २०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं. तो हाताने दाखवेल.

दुसऱ्या अटीवर मात्र भडका उडाला. घरात मोठ्या खोल्या असताना भाड्याने? सासूबाई फोनवर म्हणाल्या, "आपलं घर हाय की एवढं. भाड्यानं ऱ्हायला तुम्ही काय परकं हाय? लोकं काय म्हणतील?" त्यालाही ते पटत नव्हतं, आईचा अपमान वाटत होता. माझं मत इथे ठाम आहे आणि मी ते मांडते. परत येणाऱ्या कुटुंबाने पहिल्या दिवसापासून वडिलोपार्जित घरात घुसू नये. शहराशी जुळवून घेणं आणि एकत्र कुटुंबाशी जुळवून घेणं ही दोन वेगळी कामं आहेत, दोन्ही एकदम अंगावर घेतली की बिनसतं, आणि खापर शहरावर फुटतं.

शेवटी त्याच्या एका मित्राचा रिकामा फ्लॅट मिळाला, राजारामपुरीत. तिने साठलेली रजा टाकली, तो वर्क फ्रॉम होम, मुलगी आजीकडे डोंबिवलीत. १५ ऑगस्ट शुक्रवारी होता, जोडून सुट्टी आली तेव्हा मुलगी पण जाऊन आली.

त्या तीन आठवड्यांबद्दल दोघांनी मला जे सांगितलं त्यातलं निम्मंच माझ्या अंदाजाप्रमाणे होतं. पहिला आठवडा त्याचे मित्र रोज भेटले, दुसऱ्यात दोनदा, तिसऱ्यात एकदा. कुणाचं दुकान, कुणाच्या मुलाचा क्लास, कुणाची शुगर वाढलेली. तो म्हणाला, मॅडम, मी त्यांच्यासाठी सणाला येणारा मित्र होतो, रोजचा झालो तर त्यांनी तरी काय करावं. पण त्याला झोप लागायला लागली होती, कित्येक महिन्यांनी, हेही त्याने सांगितलं. त्या मुक्कामातच कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे हायकोर्टाच्या केसेस तिथेच चालवणारं पीठ, सुरू झालं, गावात सगळीकडे तीच चर्चा, शहर आता वाढणार म्हणून हा खूश. ती म्हणाली, मी वकील नाही, अकाउंट्सवाली आहे, माझं काय वाढणार ते सांग.

आणि ती? ती एकटी फिरली. रस्ते पाठ केले, केएमटीची बस कुठे किती वेळाने येते ते बघितलं आणि ठरवलं की इथे यायचं तर स्कूटी लागणारच. नदी चढायला लागली तसं शेजारपाजारच्या बायका सकाळी उठून आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायच्या, ३९ फूट इशारा, ४३ धोका, तीही बघायला लागली. एका संध्याकाळी बिल्डिंगमधल्या तिघी जणी तिच्या दारात आल्या, पाणी भरून ठेवा वैनी, उद्या नळ येईल न येईल. बोलता बोलता तासभर बसल्या. त्यांना ती कुणाची सून ते माहीत नव्हतं.

सासूबाई पहिले दहा दिवस आल्या नाहीत. अकराव्या दिवशी भाकरी आणि झुणक्याचा डबा घेऊन रिक्षाने एकट्याच आल्या, मुलगा कॉलवर होता. आतल्या खोलीत पंखा लावून पडल्या आणि दीड तास झोपल्या. उठल्यावर सुनेला म्हणाल्या, "इथं बरं वाटतंय गं. कोण येत न्हाई, जात न्हाई." ७० वर्षांच्या बाईला पण त्या मोठ्या घरात स्वतःची अशी दुपार नव्हती. हे सांगताना ती माझ्यासमोर रडली, आणि मला वाटतं तिचा सासरबद्दलचा सूर त्या दिवसापासून बदलला.

अवघड गोष्ट निघाली ती भावाची. धाकटा भाऊ चांगला वागत होता पण तुटक. शेवटच्या दिवशी त्याने विचारलं, दादा, तू आईबाबांना बघायला येतोयस का वाटणीला येतोयस ते एकदा सांग. हा हादरला, त्याच्या मनात वाटणी नव्हतीच. पण मी त्याला म्हटलं, भावाचा प्रश्न चुकीचा नाही. १५ वर्षं वडिलांची बायपास, आईचे गुडघे, घरपट्टी, गळणारी कौलं त्याने बघितली, तुम्ही पैसे पाठवलेत पण रात्री दवाखान्यात तो बसला. परत जाणाऱ्या माणसाला वाटतं की आपण मदतीला चाललोय, आणि तिथे राहिलेल्याला वाटतं की आता हा येऊन आपल्यावर दादागिरी करणार. हे तोंडाने बोललं नाही तर दोन वर्षांत कोर्टात जातं, मी अशी घरं बघितलीत. नवरात्रात दोघं भाऊ बसले, आईवडिलांचा खर्च आणि कामं कशी वाटून घ्यायची ते वहीत लिहिलं. घराची वाटणी आईवडील आहेत तोवर निघणार नाही, हेही लिहिलं.

पुढचं पटकन सांगते. डोंबिवलीचा फ्लॅट विकायचा नाही, भाड्याने द्यायचा, निदान दोन वर्षं. हे मी सगळ्यांनाच सांगते, कारण एकदा मुंबईतलं घर विकलं की परतीचा रस्ता खूप महाग होतो. त्याच्या कंपनीने घरून काम करायची लेखी परवानगी दिली पण एकाच वर्षाची, आणि उद्या ती नोकरी गेली तर कोल्हापुरात त्याच्या कामाच्या जागा मोजक्याच आहेत, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या एमआयडीसींचा जोर फाउंड्री आणि इंजिनिअरिंगवर. तिला मात्र तिथल्याच एका फाउंड्रीच्या अकाउंट्स विभागातून बोलावणं आलं, पगार आत्ताच्या निम्म्याच्या थोडा वर. तिने नवऱ्याला सांगितलं की माझी नोकरी पक्की झाल्याशिवाय मी राजीनामा देणार नाही आणि तू मला घाई करायची नाहीस. तो हो म्हणाला. त्याच्या शीटमधे तिचा कमी होणारा पगार आता त्याने स्वतः टाकलाय, बचतीचा आकडा बराच खाली आलाय, आणि तरी त्याला जायचंय, तेव्हा मला त्याचं म्हणणं जास्त खरं वाटलं.

मुलीने एकच मागितलं. शाळा तिने स्वतः बघून निवडायची, आणि चुलत भावंडांची नसलेली. ते मान्य झालं.

मागच्या भेटीत ती जुना कागद घेऊन आली होती, तीन ओळींचा मंगळवार. त्याखाली वेगळ्या पेनने लिहिलं होतं, साडेनऊला स्कूटीवरून शिरोली, सहाला परत, येताना सासूबाईंना फ्लॅटवर घेऊन यायचं, त्या दुपारऐवजी संध्याकाळी पडतील. साडेसात ते साडेआठच्या पुढे प्रश्नचिन्ह होतं. मी विचारलं, हे काय? म्हणाली, ही माझी डोंबिवली फास्टची वेळ आहे, या वेळेला मी डब्यात असते. इथे काय करायचं ते अजून ठरलं नाही, मैत्रिणींना विचारलंय, त्या म्हणाल्या रोज या वेळेला आम्ही डब्यातून व्हिडिओ कॉल करू, पण मुंब्र्यानंतर रेंज जाते.