वाचक विचारतात: समोरून वारा चांगला, मग विमान कलंडलं कसं?

प्रश्न: माझा भाचा पायलटचं ट्रेनिंग घेतोय, त्याच्या इथे मागच्या महिन्यात दुपारी एक छोटं सेसना टेकऑफ घेतानाच जरासं उचललं, परत खाली आपटलं आणि डावीकडे रनवे सोडून गवतात गेलं. पंख वाकला, कुणाला लागलं नाही. त्या दिवशी वारा जोरात होता म्हणे. पण विमान वाऱ्याच्या दिशेला तोंड करूनच उडवतात ना? आणि आता ताई म्हणतेय पोराला परत आण. काय करावं?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: वारा समोरून असणं चांगलंच, पण तो सारखा असेल तर. घात करतो तो झोत, म्हणजे येतो आणि पटकन जातो तो वारा. आता हिशोब बघा, सेसना १७२ साधारण ५५ नॉटला नाक उचलतं (१ नॉट म्हणजे ताशी १.८५ किमी) आणि फ्लॅप (पंखामागच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या) न लावता ४८च्या आसपास ते स्टॉल होतं, म्हणजे पंख विमानाला पेलेनासे होतात. हा वेग हवेतला, जमिनीवरचा नाही. समोरून १५चा वारा असेल तर चाकं जमिनीवर ४०नेच पळत असतात, आणि नेमकं उचलताना वारा १५चा ५ झाला की हवेतला वेग ४५वर येतो, इंजिन फुल चालू असूनही. खेळ सगळा ५५ आणि ४८मधल्या त्या सात नॉटचा.

त्यात जमिनीलगत, साधारण पंखाच्या लांबीइतक्या उंचीपर्यंत, विमानाला जरा फुकटचा आधार मिळतो, त्यामुळे वेग पुरेसा नसतानाही ते उचलतं, नवशिक्याला वाटतं झालं आणि तो नाक वर खेचतो. म्हणून झोताच्या दिवशी थोडा जास्त वेग घेऊनच नाक उचलायला शिकवतात.

डावीकडेच का गेलं? फुल पॉवरला असल्या विमानाचं नाक प्रोपेलरमुळे तसंही डावीकडे ओढ घेतं, उजवा पाय दाबून धरावा लागतो. वारा डावीकडून तिरका असेल तर शेपटीचा उभा भाग वारा पकडतो आणि नाक अजून डावीकडे वळतं. हायवेच्या फ्लायओव्हरवर अ‍ॅक्टिव्हाला बाजूचा वारा लागल्यावर आपण नकळत वाऱ्याकडे झुकतो, तसं इथे स्टिअरिंग वाऱ्याकडे फिरवून तिकडचा पंख दाबून ठेवायचा असतो. हे तुमच्या विमानाच्या बाबतीत असंच झालं असं मी छातीठोक नाही सांगणार, ते चौकशीवाल्यांचं काम, पण उचललं-आपटलं-डावीकडे गेलं हा क्रम ओळखीचा आहे.

दुपारची वेळही बघा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे सकाळी पान हलत नाही आणि तीननंतर वळवाचे ढग आले की पाऊस पडायच्या आधीच धुळीचा लोट येतो, तोच हा झोत. शिवाय भाच्याची जागा नाशिकसारखी उंचावर असेल (नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटरवर), त्यात ऊन, तर हवा विरळ, टेकऑफला रनवे जास्त लागतो. (नाशिकच्या ओझर विमानतळावरून तुम्ही जाता त्या एअरबसची काळजी नको, सत्तरेक टनांचं धूड आणि वेग अडीचपट, दहा नॉटनी त्याचं फार अडत नाही.)

ताईंना सांगा, परत आणायचं काही कारण नाही. भाच्याला मात्र विचारा की त्याला एकट्याला किती वाऱ्यात सोडतात. सेसनाच्या पुस्तकात बाजूच्या वाऱ्याला १५ नॉटचा आकडा आहे, पण तो कसलेल्या टेस्ट पायलटने करून दाखवलेला, शिकाऊ पोराची मर्यादा त्याच्या बरीच खाली हवी. आणि इन्स्ट्रक्टर शेजारी बसवून तिरक्या वाऱ्यातले टेकऑफ मागून घे म्हणावं, लाजू नको.