पल्सर २२० ला मोठा पिस्टन आणि कॅम घरीच बसवावा का?

हेड (सिलिंडरवरचं झाकण) उघडायचं नसेल तोवर स्वतः करा. एअर फिल्टर, प्लग, सायलेन्सर ही पान्यांच्या बॉक्सवर होणारी कामं आहेत. पिस्टन आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांची गोष्ट वेगळी. तुमच्याकडे टॉर्क रेंच (ठरावीक जोराने बोल्ट आवळणारा पाना), फीलर गेज (बारीक फट मोजणाऱ्या पट्ट्या) आणि त्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल आहे का? यातलं एक जरी नसेल तर थांबा. हेडचे बोल्ट अंदाजाने आवळले की गॅस्केट (हेडखालचं सील) गळतं, पिस्टनच्या रिंगची गॅप (टोकांमधली फट) न मोजता बसवली तर इंजिन तापल्यावर रिंगची टोकं एकमेकांना भिडतात आणि सिलिंडर ओरखडतो. टायमिंग चेन एक दात चुकली तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतो. आणि मोठ्या पिस्टनसाठी सिलिंडर बोअर करायला (आतून रुंद करायला) मशीन शॉपमध्ये जावंच लागतं, ते घरी होणारच नाही.

बसवल्यानंतरचं जेटिंग (कार्ब्युरेटरचे जेट बदलून पेट्रोलचं प्रमाण जुळवणं) तर बहुतेक जण विसरतातच! मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) राहिलं तर नवा पिस्टन वितळू शकतो.

खरं तर मला काळजी कायद्याची जास्त वाटते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार परवानगीशिवायच्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे असं इंजिन फक्त रेसिंग ट्रॅकवर चालवायच्या गाडीतच बनवा, रोजच्या गाडीला हात लावू नका.